घरांतील यंत्रें : दम लागलेलें जनित्र

कात्रजच्या घाटाकडून आलेलें एक पत्र या खेपेस आमच्यापुढें आहे. पत्रलेखक गृहस्थ नोकरींतून निवृत्त झालेले असून, जुन्या घाटाच्या बाजूस डोंगराच्या उतारावर त्यांनीं दोन खोल्यांचें लहानसें घर बांधलें आहे. आठवड्यांतील दोनतीन दिवस उभयतां तेथें राहतात. विजेची तार अद्याप त्या उतारावर चढलेली नाहीं. सबब दिवे, पाण्याचा पंप आणि भ्रमणध्वनि यांकरितां त्यांनीं पेट्रोलवर चालणारें, दोघांनीं उचलून नेण्याजोगें एक जनित्र घेतलें आहे. बाजारांत यासच जनरेटर म्हणतात. तक्रार अशी कीं, यंत्र सुरू तर होतें, पण एका सुरांत चालत नाहीं. आवाज चढतो, उतरतो, पुन्हां चढतो. त्याबरोबर दिवेही कमीजास्त होतात. आणि वीसपंचवीस मिनिटांनीं यंत्र मान टाकतें. थोडा विसांवा दिला कीं पुन्हां चालूं लागतें. हा डोंगरावरील विरळ हवेचा परिणाम, कीं यंत्रच टाकाऊ निघालें, असा त्यांचा प्रश्न आहे.

पत्राच्या अखेरीस, जणूं सहज म्हणून, आणखी एक ओळ आहे. पावसामुळें आणि आवाजाच्या त्रासामुळें यंत्र गेल्या महिन्यापासून मागल्या अंगाच्या अडगळीच्या खोलींत ठेविलें आहे. आणि तिकडील हवा आमच्या मंडळींस मानवत नसावी, कारण तेथें संध्याकाळीं त्यांचें डोकें दुखतें व मळमळतें, शहरांत परतल्यावर मात्र बरें वाटतें.

वाचकहो, या पत्राचें उत्तर आम्ही त्या शेवटच्या ओळीपासून देणार आहों. किंबहुना तेवढें उत्तर छापून येईपर्यंत थांबणें आम्हांस योग्य वाटलें नाहीं, म्हणून तें त्याच दिवशीं त्यांस कळविलें. येथें पुन्हां लिहितों तें अशासाठीं कीं, अशी अडगळीची खोली अनेकांच्या घरीं आहे.

पेट्रोल पूर्णपणें जळलें तर त्याचा कर्बद्विप्राणिद वायु व पाण्याची वाफ होते. परंतु इंजिनांत तें कधींच पूर्ण जळत नाहीं, आणि अर्धवट जळण्यानें कार्बन मोनॉक्साईड नांवाचा वायु निर्माण होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूस धरून सर्व शरीरभर पोहोंचवितें. पण हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं त्यास चिकटतो आणि सहजीं सुटत नाहीं. मग माणूस श्वास घेत असतो, आणि तरीही आंतल्या आंत गुदमरत असतो. प्रथम डोकें दुखतें, मग मळमळतें, भोवळ येते, झोंप अनावर होते. आणि ती झोंप कित्येकदां शेवटची ठरते. घराबाहेर गेल्यावर बरें वाटणें व घरांत आल्यावर पुन्हां दुखूं लागणें ही त्याची ठळक खूण आहे. हवापालटाच्या नांवाखालीं हिची वासलात लावणें घातक होय.

धूर दिसत नाहीं म्हणून वायु नाहीं, असें मानूं नये. दार किलकिलें ठेवणें किंवा खिडकी उघडणें हाही उपाय नव्हे, कारण हा वायु खोलींतील हवेंत सर्वत्र सारखा मिसळतो. खाटेवर निजणारा व जमिनीवर निजणारा दोघांसही तो सारखाच गांठतो. २०२० सालीं अमेरिकेंतील लुइझियाना प्रांतांत लॉरा नांवाचें चक्रीवादळ आलें. वीज गेली म्हणून लोकांनीं जनित्रें लाविलीं, आणि वादळ ओसरून गेल्यावर त्या जनित्रांच्या वायूनें कित्येक माणसें दगावलीं. वाऱ्यापावसांतून जे वांचले, ते घरांत घेतलेल्या सोयीनें गेले.

यास्तव नियम एकच, आणि त्यास अपवाद नाहीं. जनित्र घरांत, पडवींत, जिन्याखालीं किंवा बंद गोठ्यांत कधींही चालवूं नये. घरापासून निदान वीस फूट दूर, धुराड्याचें तोंड खिडक्यादारांच्या उलट दिशेस, अशा रीतीनें तें मोकळ्यावर असावें. पावसासाठीं चार खांबांवर एक पत्रा घालावा. भिंत एकही घालूं नये. वायूची सूचना देणारी लहानशी घंटा हल्लीं बाजारांत मिळते, ती निजण्याच्या खोलींत लावावी. आणि डोकेंदुखीबद्दल वैद्याकडे जाल तेव्हां, यंत्र शेजारच्या खोलींत चालत होतें, ही गोष्ट त्यास आधीं सांगावी. न सांगितल्यास तो बिचारा पित्तावर औषध देत बसेल.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. बंद खोलींत जी हवा माणसास पुरत नाहीं, ती यंत्रासही पुरत नाहीं. तें आपलाच धूर पुन्हां ओढूं लागतें, आपल्याच उष्णतेनें तापतें, इंधन अधिक कच्चें जाळतें आणि अधिक विष ओकतें. म्हणून यंत्राची परीक्षाही बाहेर आणल्याशिवाय करतां येत नाहीं. त्या गृहस्थांनीं आमचें ऐकून यंत्र अंगणापलीकडे नेलें. पुढील मुक्कामांत मंडळींचें डोकें दुखलें नाहीं. डॉक्टरांकडेही त्या जाऊन आल्या. यंत्राचें हेलकावे खाणें मात्र तसेंच राहिलें. आतां तिकडे वळूं.

पुणेकरांस जनित्र हें नवीन नाहीं. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं येथेंच स्थापन झाली, आणि तिच्या डिझेल इंजिनांनीं गांवोगांवचे पंप फिरविले. महाराष्ट्रांत भारनियमनाचा जांच चालू असतां, २००६ सालीं पुण्यांतील कारखान्यांनीं आपापलीं जनित्रें चालवून शहराच्या वाट्याची वीज मोकळी केली, ती योजना ‘पुणें मॉडेल’ म्हणून गाजली. परंतु कारखान्यांतील जनित्राच्या दिमतीस माणसें असतात. घरगुती जनित्राचा वैद्य घरचा यजमानच. आणि तोच बहुधा पहिल्या आजारांत गोंधळतो, पांच स्क्रू एकदम फिरवितो, आणि मग कोणत्या स्क्रूनें काय झालें हें त्यासही सांगतां येत नाहीं.

आमचें शिक्षण जुन्या वळणाचें. माधवनिदानांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांपैकीं उपशय म्हणजे कांहीं औषध किंवा पथ्य देऊन पाहणें आणि त्यानें आराम पडतो कीं नाहीं यावरून रोग ठरविणें. न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेक हाही त्याच जातीचा : एक गोष्ट असतां दुसरी असते आणि ती नसतां दुसरी नसते, असें दिसलें म्हणजे संबंध पक्का. यंत्राच्या बाबतींत याचा अर्थ इतकाच कीं, एका वेळीं एकच बदल करावा, परिणाम पाहावा, टिपून ठेवावा, मग दुसरा करावा. आणि शरीराचे जसे वात, पित्त व कफ, तसे इंजिनाचेही तीन : हवा, ठिणगी आणि इंधन. तिन्ही प्रमाणांत असलीं तर आरोग्य. एकही ढळलें तर विकार.

प्रथम सर्व भार काढून टाकावा, म्हणजे यंत्रास जोडलेले दिवे, पंप वगैरे सर्व सोडवावे. रिकामें यंत्र एका सुरांत चाललें आणि पंप लावतांच कोलमडलें, तर दोष यंत्रांत नसून ओझ्यांत आहे. पंपाचें मोटर सुरू होतांना आपल्या नेहमींच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर ओढतें. एक अश्वशक्तीचा पंप चालतां चालतां हजार-अकराशें वॅट घेत असला, तरी उठतांना तो दोन हजार वॅटच्या यंत्रास सहज गुडघ्यावर आणतो. तेथें दुरुस्ती नको. लहान पंप हवा किंवा मोठें यंत्र हवें. आमच्या पत्रलेखकांचें यंत्र मात्र रिकामेंही हेलकावे खात होतें. म्हणजे विकार आंतच आहे.

विरळ हवेचा आक्षेपही येथेंच निकालांत काढूं. उंचीबरोबर इंजिनाची शक्ति घटते हें खरें. दर तीनशें मीटरांस सुमारें शेंकडा साडेतीन, असा ढोबळ हिशेब आहे. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच. घर त्याहून दोनशें मीटर वर धरलें तरी घट शेंकडा नऊच्या आंत राहते. एवढ्यानें यंत्र थोडें अशक्त होईल. पण धापा टाकणार नाहीं.

डोंगराचा खरा अपराध निराळा आहे. तो म्हणजे उतार. आजच्या बहुतेक यंत्रांत ऑईल कमी झाल्यास इंजिन आपोआप बंद पाडणारी कळ असते. यंत्र तिरपें ठेविलें तर ऑईल एका बाजूस जातें, कळीस तें कमी भासतें, आणि पुरेसें ऑईल असूनही यंत्र बंद पडतें. म्हणून प्रथम सपाट फरशी किंवा ओटा करावा, यंत्र थंड असतां ऑईलची पातळी काडीनें पाहावी, आणि मगच पुढें जावें. ऑईल काळें डांबरासारखें झालें असल्यास बदलावें. नव्या यंत्राचें पहिलें ऑईल साधारणतः वीस तासांनीं व पुढें दर शंभर तासांनीं बदलण्यास पुस्तिकांत सांगितलेलें असतें. पुस्तिका कपाटांत राहते आणि ऑईल इंजिनांत.

यानंतर इंधन. आणि येथें आम्हांस कात्रजचीच आठवण होते. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी भुयारी नळांतून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत आणलें गेलें. पंप नाहीं, इंजिन नाहीं. केवळ उताराचें बळ. वरच्या तळ्यांत गाळ बसावा आणि खालच्यांत निवळलेलें पाणी यावें, अशी योजना. आणि वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधलेले, कीं ज्यांतून कोंडलेल्या हवेस वाट मिळावी व नळ साफही करतां यावा. आपल्या जनित्रांतही हीच रचना बोटभर आकारांत आहे. टाकी वर, कार्ब्युरेटर खालीं; मध्यें तोटीपाशीं गाळ धरणारी वाटी व जाळी; आणि उच्छ्वास कोठें म्हणाल, तर टाकीच्या झांकणांत. त्या झांकणास एक सूक्ष्म छिद्र असतें. पेट्रोल जसजसें खालीं उतरतें तसतशी बाहेरची हवा त्या वाटेनें आंत येते. तें छिद्र धुळीनें बुजलें, कीं टाकींत पोकळी उत्पन्न होऊन पेट्रोल उतरेनासें होतें; यंत्र वीसपंचवीस मिनिटें चालून बंद पडतें, आणि हळूहळू हवा झिरपली कीं पुन्हां सुरू होतें. पत्रलेखकांच्या तक्रारीचा उत्तरार्ध हुबेहूब हाच. याचा उपशय अगदीं सोपा : यंत्र मान टाकूं लागतांच झांकण किंचित् सैल करावें. त्यानें जीव धरला तर रोग सांपडला. तसें त्यांनीं केलें, आणि यंत्र चालूं राहिलें. छिद्र पुसून मोकळें केल्यावर तें तासभर अखंड चाललें. झांकण सैल करूनही यंत्र तापल्यावर बंदच पडतें व प्लगास ठिणगी मिळत नाहीं, असें कोणास आढळल्यास ठिणगीच्या कॉईलकडे संशय न्यावा आणि तें काम मिस्त्रीकडे सोंपवावें.

पूर्वार्ध राहिला, म्हणजे आवाजाचें चढणें-उतरणें. यासाठीं उपशय चोकचा. यंत्र चालू असतां चोकची दांडी हळूच अर्धी लावावी. चोक लावणें म्हणजे हवा कमी करून मिश्रणांत पेट्रोलचें प्रमाण वाढविणें. त्यानें हेलकावे थांबले, तर इंजिन पेट्रोलवांचून उपाशी आहे असें समजावें. म्हणजे कार्ब्युरेटरचें जेट कचऱ्यानें आवळलें आहे, किंवा जोडाच्या सांध्यांतून जादा हवा आंत शिरत आहे. उलट चोकनें दुखणें वाढलें आणि काळा धूर निघूं लागला, तर इंजिनास हवाच मिळत नाहीं. तेथें एअर फिल्टर पाहावा. घाटाच्या रस्त्यावरील धूळ फार बारीक असते, आणि स्पंजाचा फिल्टर तिनें पुरणपोळीसारखा भरून जातो. स्पंज साबणाच्या पाण्यांत धुवावा, पूर्ण वाळवावा, थोडें ऑईल लावून पिळावा व बसवावा. कागदी फिल्टर धुवूं नये, नवा घालावा. फिल्टर काढून यंत्र चालविणें हा उपाय नव्हे; त्यानें धूळ थेट इंजिनाच्या पोटांत जाते.

पत्रलेखकांचें यंत्र अर्ध्या चोकनें शांत झालें. म्हणजे जेटच. परंतु जेट बुजलें कशानें? पेट्रोल किती दिवसांचें, असें विचारतां, मागल्या उन्हाळ्यांत आणून टाकींत ठेविलेलें, असें उत्तर आलें. येथें गोम आहे. भारतांत पेट्रोलमध्यें शेंकडा वीस इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट २०२५ सालीं गांठलें गेलें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें. पावसाळ्यांत अर्ध्या रिकाम्या टाकींत तर विशेषच. पाणी मर्यादेबाहेर झालें कीं तें इथेनॉलास घेऊन पेट्रोलापासून फुटून तळाशीं बसतें, आणि इंजिनास प्रथम तळच मिळतो. शिवाय महिनेन्‌महिने ठेविलेलें पेट्रोल उडून जातें व मागें चिकट राळ राहते. सुईच्या अग्राएवढें जेट बुजविण्यास ती पुष्कळ झाली.

परीक्षा अशी. यंत्र पूर्ण थंड झाल्यावर, उघड्यावर, आसपास दिवा, विडी किंवा चूल नाहीं हें पाहून, कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करावा आणि थोडें पेट्रोल कांचेच्या बरणींत घ्यावें. दहा मिनिटें स्थिर ठेवावें. तळाशीं निराळा थर किंवा गोळे दिसले तर तें पाणी. त्या गृहस्थांच्या बरणींत बोटभर थर दिसला. सर्व टाकी रिकामी करून, वाटी उतरून, जेट कार्ब्युरेटरच्या फवाऱ्यानें धुतलें. जेटमध्यें तार किंवा टांचणी घालूं नये. पितळ मऊ असतें, छिद्र रुंदावतें, आणि मग यंत्र जन्मभर अधिक पेट्रोल पितें. जुन्या यंत्रांतील रबरी नळ्या व रिंगा फुगल्या असतील तर त्याच वेळीं बदलाव्या. ताजें पेट्रोल घातल्यावर हेलकावे गेले. यंत्र टाकाऊ नव्हतें. त्यास शिळें अन्न आणि कोंडलेली हवा मिळत होती.

स्पार्क प्लगाविषयीं दोन शब्द. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. ती पाहून पुष्कळ कळतें. टोंक फिकट तपकिरी असेल तर प्रकृति ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओलें असेल तर पेट्रोल आलें पण ठिणगी पडली नाहीं. पांढरें पडलें असेल तर मिश्रण विरळ व उष्णता अधिक. दोन टोंकांतील अंतर बहुतेक यंत्रांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतें. प्लग स्वस्त असतो. संशय आल्यास बदलावा.

एका स्क्रूस मात्र हात लावूं नये : गव्हर्नर. साध्या जनित्राचें इंजिन मिनिटास तीन हजार फेरे, म्हणजे सेकंदास पन्नास फेरे घेतें, तेव्हां आपल्या घरगुती उपकरणांस लागणारी पन्नास हर्ट्झची वीज मिळते. दिवा मंद दिसतो म्हणून फेरे वाढविले, तर २३० व्होल्टची मर्यादा ओलांडून उपकरणें जळण्याचें भय असतें. व्होल्ट व हर्ट्झ मोजण्याचें मापक हातीं असल्याखेरीज हें काम करूं नये. इन्व्हर्टर जातीचीं यंत्रें भाराप्रमाणें आपले फेरे स्वतःच बदलतात. त्यांस तर मुळींच छेडूं नये.

ज्यांच्या घरीं विजेची तार आहे आणि जनित्र केवळ अडीअडचणीस ठेविलें आहे, त्यांनाही एक इशारा. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, आणि श्रीवर्धन-मुरूडकडील कित्येक गांवें पुढें आठवडेच्या आठवडे अंधारांत राहिलीं. अशा दिवसांत कांहीं जण जनित्राची वायर भिंतींतील सॉकेटमध्यें खोंचून सर्व घर उजळवितात. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, रोहित्रांतून चढून हजारों व्होल्टची होते, आणि तार मृत समजून खांबावर चढलेल्या वायरमनास मारते. त्याचेंही घर असतें. वायरमनाकडून बदलाचा स्विच बसवून घ्यावा, किंवा उपकरण थेट जनित्रास जोडावें. तिसरी वाट नाहीं.

शेवटीं पथ्य. यंत्र महिनाभर वापरावयाचें नसेल, तर तोटी बंद करून तें आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें, म्हणजे वाटींत थेंब राहत नाहीं. आणि टाकीही रिकामी करावी. पेट्रोल लागेल तेवढेंच आणावें, घट्ट डब्यांत, घराबाहेर, सांवलींत ठेवावें. चालू किंवा गरम यंत्रांत कधींही ओतूं नये. महिन्यांतून एकदां पंधरा मिनिटें भार लावून यंत्र चालवावें. आणि नऊ वॅटच्या दोन दिव्यांकरितां दोन हजार वॅटचें इंजिन रात्रभर धडधडत ठेवूं नये. त्यासाठीं छपरावर लहानशी सौर तबकडी व एक बॅटरी पुरते. जनित्र दिवसां, पंपाच्या वेळेस, तासभर चालावें. रात्रीं निजतांना तें बंद असावें. चार खांबांचा पत्रा अद्याप उभा राहिला नसेल, तर येत्या पावसाआधीं तें काम उरकावें. तोंवर पाऊस आल्यास यंत्र भिजूं नये म्हणून बंद करून झांकून ठेवावें, आणि एक रात्र कंदिलावर काढावी.